टिक्याची किल्ली

मित्रांनो, मी एक जुने स्टॉपवॉच आहे. साध्या घड्याळाला सगळा दिवस मिळतो. मला मात्र बटण दाबले की आयुष्य मिळते आणि पुन्हा दाबले की ते संपते. सलग बोलायची मला सवयच नाही. म्हणून माझी गोष्टही मी एका मिनिटात बसवणार आहे. सांभाळून घ्या. खट्!

सेकंद ०

डोळ्याला भिंग लावलेल्या एका कारागीर बाईंच्या चिमट्याखाली माझा जन्म झाला. त्यांनी माझ्या पोटात स्प्रिंग बसवली, डोक्यावरची किल्ली पिळली आणि मला कानाशी धरले. "बोलतंय गं!" त्या शेजारणीला म्हणाल्या. माझ्या आयुष्यातली ती पहिली शाबासकी.

सेकंद ९

पुढे मी एका शाळेच्या मैदानावर कामाला लागलो. खेळाचे सर मला गळ्यात घालून मिरवत. "घड्याळ खोटं बोलत नाही," असे ते हरलेल्यांना सुनावत आणि मी फुगून जात असे. घड्याळ खोटे बोलत नाही हे खरेच. पण त्याला सगळे कळते असेही नाही. हे शहाणपण मला फार उशिरा आले.

सेकंद १४

सर निवृत्त झाले आणि मी त्यांच्या बहिणीच्या दवाखान्यात आलो. या डॉक्टरीणबाई विसरण्याच्या आजारावर संशोधन करतात. वय वाढताना काहींची आठवण झिजू लागते. ती झीज लवकर कशी ओळखावी आणि कशी रोखावी, याचा तिथे शोध चालतो. माझे काम एका मिनिटाचे होते. चाचणी घेणाऱ्या ताई सांगत, "प्राण्यांची नावं सांगा," आणि बटण दाबत. मिनिटात किती नावे आली, ते त्या लिहून ठेवत.

सेकंद २०

टॅब आला. मी कप्प्यात गेलो, वाळलेल्या गोंदाच्या बाटलीशेजारी.

सेकंद २१

 

सेकंद २२

वरची जागा रिकामी दिसते ना? किल्ली दिली नाही की माझे असेच होते.

पण टॅबवरची उरलेला वेळ दाखवणारी लाल पट्टी आखडू लागली की लोक घाबरत आणि आलेले शब्द गिळून टाकत. शेवटी डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आपला म्हातारा काढा बाहेर." ताईंनी मला पुसले, किल्ली दिली आणि मी पहिल्या झटक्यात चालू लागलो. जुनी हाडे, दुसरे काय!

सेकंद ३१

आता नीट ऐका. एक दिवस बहात्तर वर्षांच्या एक मावशी आल्या. त्यांनी जनावरांच्या दवाखान्यात चाळीस वर्षे मलमपट्टी केली होती. निवृत्तीनंतरही त्या रोज सकाळी तिथे जात. औषधांच्या कपाटाची किल्ली त्यांच्याच कमरेला असे. मागच्या महिन्यात त्या ती किल्ली घोड्याच्या चाऱ्यात विसरल्या होत्या. तेव्हापासून त्यांचा मुलगा मागे लागला होता.

"आई, ती किल्ली देऊन टाक. घरी बस आता."

"परीक्षा होऊ दे. नापास झाले तर देईन."

"शब्द दिलास हं."

ताईंनी मला उचलले. मावशींनी विचारले, "याचं नाव काय?"

"नाव नाही त्याला, मावशी."

"इतकी वर्षं राबतोय आणि नाव नाही? टिक्या म्हणा त्याला."

माझा काटा जागच्या जागी थरथरला. मग ताई म्हणाल्या, "प्राण्यांची नावं सांगा."

"हल्लीच्या की जुन्या?"

"कुठल्याही चालतील." खट्!

"मोत्या, चंद्री, वाघ्या, बिजली, भुऱ्या, राणी, हरणी, मैना, सोन्या, गुलब्या..."

मावशी थांबेचनात. ताईंची पेन्सिल मात्र थांबत चालली. मिनिट संपले तेव्हा कागदावर तीनच उत्तरे होती: वाघ, हरीण, मैना.

फक्त तीन. मुलाचा चेहरा उतरला. त्याने किल्लीसाठी हात पुढे केला. मावशी कमरेची गाठ सोडू लागल्या. मला ओरडावेसे वाटले, पण मला टिकटिकच येते.

सेकंद ४४

डॉक्टरीणबाईंनी कागद पाहिला. समासात ताईंनी बाकीची नावेही टिपली होती. "मावशी, राणी आणि सोन्या कोण? नातवंडं का?"

"नातवंडं कसली! राणी म्हणजे घोडी. मागचा डावा खूर. सोन्या बैल, शिंगाला जखम. मोत्याचा कान फाटला होता."

मुलगा पुढे सरकला. "आणि वाघ्या?"

"कुत्रा! वाघाला पट्टी कोण बांधणार, तू?"

"पण मैना तरी पक्षी असेल ना?" ताईंनी चाचरत विचारले.

"बकरी होती गं. आवाज गोड म्हणून मैना."

डॉक्टरीणबाई खुर्ची हलेपर्यंत हसल्या. "आपण नावं विचारली, त्यांनी नावं सांगितली. नापास झाला तो आपला प्रश्न." मग त्या मावशींना म्हणाल्या, "आता गाय, म्हैस असे प्रकार सांगा बरं." खट्! या वेळी एकोणीस आले.

मित्रांनो, मी खोटे बोलणार नाही. आधी लक्षात ठेवायला सांगितलेल्या पाच शब्दांपैकी मावशींना तीनच आठवले. ऐकूही कमी येत होते. "थोडा विसर पडतोय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "लवकर कळलं ते बरं. कानाला यंत्र लावू, रक्तदाब सांभाळू, रोज चाला. दर वर्षी येऊन जा."

"आणि किल्ली?" दोघांनी एकदमच विचारले.

"दोरीत ओवून गळ्यात घाला. काम सोडू नका. माणसांत राहणं आणि डोकं चालवणं, हेसुद्धा औषधच आहे."

मुलाने खाली वाकून एक दोरी ओढून काढली. ती त्याच्या बुटाची होती.

सेकंद ५९

त्या दिवशी सगळे जुने कागद पुन्हा तपासले गेले आणि प्रश्न बदलला. आता 'प्राण्यांचे प्रकार सांगा' असे छापलेले असते.

वर्षाने मावशी परत आल्या. कानात यंत्र, गळ्यात किल्ली, शेजारी एका बुटाला वेगळी दोरी लावलेला मुलगा. गाय, म्हैस, उंट करत त्या अठरापर्यंत आल्या आणि अडल्या. अगदी शेवटच्या सेकंदाला त्यांनी माझ्याकडे पाहिले.

"आणि टिक्या!"

खट्.

ताईंनी तो उत्तरात धरला नाही. नियम म्हणजे नियम. पण समासात बारीक अक्षरात लिहिले: 'टिक्याला ओळखले.'

मित्रांनो, माझे मिनिट संपले. एकच मागणे आहे. तुमच्या घरातले कोणी विसरू लागले, तर त्यांना वेळेवर दवाखान्यात न्या. आणि त्यांच्या हातातली किल्ली काढून घेण्याआधी, त्यांना जरा किल्ली देऊन पाहा.