कोमट पाणी

“मुके, तू चल माझ्याबरोबर. बाकीच्यांनी आपापले पेशंट बघा.”

मोठ्या सिस्टर एवढेच बोलल्या आणि सात नंबरच्या खाटेभोवती हिरवा पडदा ओढला गेला. त्या खाटेवरचे वृद्ध सुतारकाका नुकतेच गेले होते. पडद्याबाहेर, हातात थर्मामीटर धरून, पोथी जागच्या जागी उभी राहिली.

नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाच्या वर्गात तिला सगळ्या जणी पोथीच म्हणत. कुठलेही पान विचारा, तिच्या मुखी तयार. मृतदेहाची अखेरची शुश्रूषा कशी करावी, हेही तिला ओळीने पाठ होते. तरी सिस्टर दर वेळी बोलावीत ते मुकीला, परीक्षेत काठाकाठाने तरणाऱ्या आणि चार शब्दांत दिवस काढणाऱ्या त्या मुलीला. वर्षभरातला हा चौथा मृत्यू. चौथ्यांदा मान मुकीचा. षड्रिपूंच्या मालिकेत मत्सर शेवटचा खरा. पण घर डोक्यावर घेते ते शेंडेफळच. पोथीच्या मनात त्याने तसेच ठाण मांडले होते.

मुकी पडद्यातून बाहेर आली आणि वॉर्डाच्या चहाच्या खोलीत जाऊन किटलीत पाणी तापवू लागली. पोथी तिच्या मागोमाग गेली.

“मेलेल्या माणसाला गार काय नि ऊन काय?” ती फणकारली. “सिस्टरांना दाखवायला हे सगळं!”

“काकांना नसेल कळत,” मुकी म्हणाली. “माझ्या हाताला कळतं.”

पोथीला तो निव्वळ आगाऊपणा वाटला.

तिच्या स्वतःच्या वाट्याला अकरा नंबरच्या शिवणवाल्या आजी होत्या. हृदय थकलेले, पाय सुजलेले, जीभ मात्र कात्रीसारखी. आता फार दिवस नाहीत, असे डॉक्टरांनी त्यांच्या मुलाला बाजूला घेऊन सांगितले होते. ते कानी पडल्यापासून पोथी तासातासाला आजींची नाडी पाहू लागली. ते मायेपोटी नव्हे. आजींची अखेरची वेळ आपल्या पाळीबाहेर निसटू नये, म्हणून. आपली सुट्टीसुद्धा तिने पुढे ढकलली. “शिका हिच्याकडून,” सिस्टर इतर मुलींना म्हणाल्या. इतके दिवस जिच्यासाठी जीव टाकला, ती शाबासकी तिच्या घशाखाली उतरेना.

“पोरी, तुझ्या एप्रनचा खांदा उसवलाय,” एका सकाळी आजी म्हणाल्या. “काढ, आण इकडे.”

“राहू द्या आजी. तुम्ही पडून राहा.”

“पडूनच आहे की! हात कुठे पडलेत अजून?”

उशाखालच्या पिशवीतून सुईदोरा निघाला. धापा टाकीत, मध्ये मध्ये थांबत त्यांनी सहा टाके घातले. दोरा दातांनी तोडला. पोथीने एप्रन अंगात घातला आणि पुन्हा त्यांचे मनगट धरले.

“रोज नाडी बघतेस,” आजी म्हणाल्या. “एकदा तोंडाकडेही बघ की गं. मला काही घाई नाही. तुझीच गडबड दिसतेय.”

पोथीचे कान तापले. आजी हसत होत्या, हे तिला नुसत्या आवाजावरून कळले. मान वर करायचे धैर्य तिला झाले नाही.

त्यानंतर तिसऱ्या दिवशी, दुपारच्या चहाच्या वेळी, आजी गेल्या. पोथीच्याच पाळीत, नाडीवर तिचीच बोटे असताना. सारे अगदी मनाजोगे घडले होते, आणि तिची बोटे त्या मनगटावरून निघेनात.

“मुके—” सिस्टरांनी सवयीने हाक दिली.

मुकी जागची हलली नाही. “सिस्टर, आजी हिच्या होत्या.”

सिस्टरांनी पोथीकडे पाहिले. “जमेल?”

पोथीने मान डोलावली. चहाच्या खोलीत जाऊन तिने तसराळे नळाखाली धरले. पाणी बोटांना लागले. गार. मग अर्धे पाणी मोरीत ओतून तिने किटली लावली.

मुकी दाराशी आली. कोरा टॉवेल पोथीच्या खांद्यावर, त्या सहा टाक्यांवर ठेवून निघून गेली.

पोथीने ऊन पाणी मिसळले, मनगटाची आतली बाजू बुडवून पाहिली. चटका बसला. आणखी एक पेला गार पाणी घातले, पुन्हा पाहिले. मग तसराळे दोन्ही हातांनी सांभाळीत ती पडद्याआड गेली आणि तिने प्रथमच आजींच्या चेहऱ्याकडे पाहिले.

“आजी,” ती म्हणाली, “तोंड पुसते हं.”