सूर्यबाबाची झाकलेली पेटी

कारवाडीच्या महादेवाच्या पारावर मुंगीला शिरायला जागा नव्हती. बाया, बापे, कडेवरची पोरं, इतकंच काय उदगीरहून सायकल हाणत आलेले दोन किराणावालेसुद्धा हात जोडून उभे. लातूरचा नवा जिल्हा झाला होता, पण पाऊस काही बदली होऊन इकडं आला नव्हता. विहिरी कोरड्या, आभाळ कोरडं, आणि त्या आभाळाखाली सूर्यबाबा नावाचा गृहस्थ चुलीविना भात शिजवत होता.

"ना लाकूड, ना काडी, ना रॉकेल," बाबाची जीभ पिठाच्या गिरणीसारखी चालायची. "सूर्यनारायण माझ्या जिभेवर उतरतो, जिभेवरून पातेल्यात उतरतो. हा भात डोळ्यावर बांधा. मोतीबिंदू आपसूक गळून पडेल."

चारी बाजूंनी भगव्या फडक्यात गुंडाळलेली, वरून तेवढी उघडी एक पेटी. तिच्या उघड्या झाकणाची पाठ लोकांकडं, तोंड बाबाकडं, आणि मधे दोरी. दोरी ओलांडली की कोप होणार. दोनेक तास मंत्र झाले की आतून वाफाळता भात निघायचा. दुष्काळात भुकेल्या माणसाला भाताची वाफ दाखवली, की तो शंका विचारत बसत नाही.

गर्दीत महानंदाचा जीव थाऱ्यावर नव्हता. बसायची, उठायची, पदराचं टोक पिळायची. शेजारी तिची सासू गुरम्मा डोळ्यांवर कालचा भात बांधून बसली होती. जन्मभर कापसाच्या पऱ्हाट्या आणि गोवऱ्या फुंकून त्या बाईच्या डोळ्यांचं वाटोळं झालेलं, त्यात मोतीबिंदू पिकलेला. लातूरच्या दवाखान्यात उद्या ऑपरेशन ठरलं होतं. संध्याकाळची एसटी गाठायची होती. पण महानंदाचा नवरा सिद्धलिंग अडून बसला होता.

"बाबा सांगायल्यात, सुरी लागली की डोळ्याची ज्योत इझते. माझी अव्वा कुठं जाणार न्हाई."

"आन ह्या भातानं डोळाच सडला तर?"

"तुला लई कळतंय."

महानंदानं नजर पेटीवर लावली. बाबा अधूनमधून उठून पेटी थोडी वळवायचा. म्हणे देवाची प्रदक्षिणा. अगं बाई, ती स्वतः उन्हाळाभर दुसरं काय करत होती? लिंबाची सावली सरकली की कुरडयांची बाज उन्हात ओढायची. बाबाही उन्हामागंच फिरत होता. मग मंत्र कशाला?

ती उठली. पदर खोचला आणि दोरीपाशी गेली.

"महाराज, ऊन लई हाय. पेटी देवळाच्या मंडपात घ्या की. तुमचा मंत्र सावलीत लागू पडत न्हाई व्हय?"

बाबा हसला, पण हसू ओठाच्या पुढं जाईना. "देवाला सावलीत बोलावत नाहीत, बाई."

"बरं. मग पेटी उन्हातच ऱ्हाऊ द्या आन तुमी मंत्र म्हणू नका. कशानं शिजतंय त्ये तरी कळंल."

गर्दीत खसखस पिकली. शाळेचे शेषेराव गुरुजी पुढं आले. "दोन्ही करून बघू. आधी सावलीत मंत्र, मग उन्हात मुकाट."

"हाव, बघू की," सरपंच साहेबराव म्हणाले. पेटी मंडपात नेली ती भक्तांनीच, मोठ्या हौसेनं. बाबावर त्यांचा भरवसाच तेवढा.

बाबानं मंत्र म्हणून म्हणून घसा बसवला. पातेलं उघडलं, तर तांदूळ दाताखाली कचकचत होते. मग पेटी उन्हात आली. साहेबरावांनी बाबाला पानाचा विडा दिला, म्हणजे तोंड भरलेलं राहावं. दुपार चढली आणि एका शब्दाविना भात शिजला.

गुरुजींनी भगवं फडकं ओढलं. आत काळा रंग दिलेला पत्रा, वर दुहेरी काच, झाकणाला आरसा.

"हा सोलर कुकर. आरसा ऊन आत पाडतो, काळा पत्रा ते शोषून घेतो, काच ऊब बाहेर जाऊ देत नाही. उन्हात उभ्या राहिलेल्या एसटीत चढल्यावर कसं भाजतं? तसंच."

"आमच्या घरी चालंल?" महानंदानं विचारलं.

"कुणाच्याही घरी. आभाळातल्या उपग्रहाला कोण रॉकेल घालतं? तो उन्हावरच चालतो. पुढं विहिरीवरच्या मोटारी चालतील, घरातले दिवे लागतील. आपल्याकडं दुसरं काही नसलं तरी ऊन रग्गड आहे. फक्त ढग आले की ही पेटी थंड. हे मी आधीच सांगतो. जो सांगत नाही, तो बाबा."

गुरम्मानं डोळ्यांवरचा भात काढून टाकला. चाचपडत पेटीपाशी आली, काचेला हात लावला, चटका बसला.

"धूर न्हाई?"

"न्हाई, आत्या."

म्हातारी बाबा बसला होता तिकडं वळली. "माझे डोळे धुरानं गेले, त्ये मी तुला सांगितलं व्हतं. बिनधुराची पेटी तुझ्यापाशी व्हती. ती फडक्यात झाकलीस आन माझ्या डोळ्यावर शिळा भात बांधलास."

सिद्धलिंगानं आईची पिशवी उचलली, तिचा हात धरला आणि स्टँडची वाट धरली. त्याची मान खाली होती.

तेव्हा लोकहो, इतकं तरी करा. ज्याला खरोखर काही ठाऊक असतं, तो ते उघडून दाखवतो. जो झाकतो आणि वर पाया पडायला लावतो, त्याच्या पेटीवरचं फडकं बेधडक ओढा. देवाचा कोप होणार नाही. झालाच तर तो बाबाचा होईल.