वाटाड्याची घळ

माझा नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. आठवडाभर ग्रीसने माखून, अडकलेल्या माणसांच्या शिव्या खाऊन घरी यायचा. सुट्टीच्या दिवशी त्याला माणूस नावाचा प्राणी डोळ्यांसमोर नको असायचा. सगळे जातात ती ठिकाणं त्याच्या लेखी कचरा. "तिथे काय बघायचं? पुढच्याची पाठ?" असं म्हणत तो मोटारसायकलला किक मारायचा.

मित्र त्याला वाटाड्या म्हणत. कोणी न पाहिलेल्या घळी, ओसाड वस्त्या, नकाशात टिंबसुद्धा नसलेली तळी तो शोधून काढायचा आणि इंटरनेटवर फोटो टाकायचा. हजारो लोक ते बघायचे. एकदा त्याच्या सख्ख्या धाकट्या भावाने, म्हणजे माझ्या दिराने, त्यातल्याच एका तळ्यावर ऑफिसची सहल नेली. स्पीकर, कागदी ताटल्या, सगळा थाट. वाटाड्याच्या नाकाला अशा मिरच्या झोंबल्या की तेव्हापासून त्याने नवी चाल काढली. फोटो खरा, पत्ता खोटा. आडवाटेला भटकून हात हलवत परतलेल्यांच्या तक्रारी तो मला जेवताना वाचून दाखवायचा आणि पोट धरून हसायचा.

"मला तरी खरं सांगून जात जा," मी म्हणायचे.

"तुझ्या पोटात काही राहतं का? उद्या तुझं अख्खं माहेर डबे घेऊन तिथे हजर."

त्या शनिवारी दुपारी त्याने एका काळ्या घळीचा फोटो टाकला. तळाशी हिरवं पाणी, वर आभाळाची चिंधी. खाली लिहिलं होतं, 'उत्तरेकडच्या जुन्या खाणींच्या मागे.' तो रविवारी आला नाही. सोमवारी कामावरही गेला नाही, आणि फोन बंद.

पोलीस चौकीच्या भिंतीवर मोठा नकाशा होता. शोधपथकाच्या प्रमुखाने सगळ्या टाचण्या खाणींभोवती टोचून ठेवल्या होत्या.

"साहेब, तो तिथे नाही," मी म्हटलं. "तो पत्ता मुद्दाम चुकीचा लिहितो."

"स्वतःचाच?"

"लोक येऊ नयेत म्हणून."

त्याने दिराकडे पाहिलं. बायको भ्रमिष्ट झाली की काय, असं ते पाहणं होतं. दीर म्हणाला, "वहिनी, दादाने स्वतः लिहिलंय. निदान तिथे तरी बघू द्या त्यांना."

"भावजी, तुमच्या दादाने आजवर एक तरी पत्ता खरा लिहिलाय का?"

 प्रमुख शांतपणे म्हणाला, "बरं बाई, मग खरी जागा कुठली?"

यावर मी काय सांगणार? त्या खाणी सोडून उरलेलं सगळं जग. प्रमुखाचंही काही चुकलं नव्हतं. माणसं, दोर, कुत्री उत्तरेला गेली. मी प्लास्टिकच्या खुर्चीत बसून नकाशाच्या रिकाम्या भागाकडे बघत राहिले.  तो जिवंत असेल आणि कुठेतरी आपली वाट बघत असेल, या विचाराने मला घास गिळवेना.

आठवडा उलटल्यावर पार दक्षिणेला, हरवलेली शेळी शोधणाऱ्या एका म्हाताऱ्याला झाडीत मोटारसायकल दिसली. खाली घळीत माझा नवरा होता. मांडीचं हाड मोडलेलं, फोन फुटलेला, घसा सुजलेला. डॉक्टरांनी माझी नजर टाळत सांगितलं की पडल्याबरोबर गेले नाहीत, तीन-चार दिवस तरी होते. ओरडून ओरडून घसा सुजला असावा.

म्हातारा हात जोडून म्हणाला, "पोरी, वाट वरूनच जाते. कोणी गेलं असतं तर ऐकू आलं असतं गं. पण तिथे कोण कडमडायला जातंय?"

मला नवऱ्याचा इतका राग आला की रडूच येईना.

तेराव्या का चौदाव्या दिवशी त्याचे मित्र घरी आले. चहा घेतला, उसासे टाकले. त्यातला थोराड होता तो आवाज खाली आणून म्हणाला, "वहिनी, आमचं ठरलंय. ती जागा कुणालाही सांगायची नाही. वर्षातून एकदा आपणच जाऊ. ती त्याची जागा. त्याला हेच आवडलं असतं."

"हो, त्याला हेच आवडलं असतं," मी म्हटलं आणि त्यांच्या कपबशा उचलल्या.

ते गेल्यावर मी त्याचं खातं उघडलं. घळीचा तोच फोटो पुन्हा टाकला आणि खाली पत्ता लिहिला, खराखुरा. कुठल्या फाट्यावर वळायचं, गाडी कुठे लावायची, उतरायचं कुठून, पाय कुठे घसरतो, सगळं त्या शेळीवाल्या म्हाताऱ्याला विचारून. शेवटी लिहिलं, 'मुलांना घेऊन या.' मित्रांनी बोंबाबोंब केली. त्याच्या आयुष्यभराच्या मेहनतीवर मी पाणी फिरवलं म्हणे. दीर तेवढे गुपचूप येऊन काठाला बांधायला जाड दोर देऊन गेले.

परवा मी पहिल्यांदाच तिथे गेले. मोटारींची ही रांग, भुट्टेवाला, फुगेवाला, काठावर फोटो काढणाऱ्यांची ढकलाढकली. कोणीतरी गाणी लावली होती. वाटाड्या असता तर आल्या पावली परत फिरला असता.

मी दोराला धरून उभी होते. शेजारी एक चिमुरडी आईचा हात सोडून पुढे वाकली आणि गंमत म्हणून घळीत जोरात ओरडली, "कोणी आहे का?"

खालून कितीतरी माणसं एकदम ओरडली, "आहे!"

मी तिथेच, त्या अनोळखी लोकांच्या पायांत, मटकन खाली बसले आणि पहिल्यांदा रडले.