डाव्या दारातली वायर

चंदूने गाडीच्या डाव्या दारातली जुनी वायर ओढून काढली, तेव्हा सरोज पहिल्या मजल्याच्या गॅलरीत आठ महिन्यांच्या चिंगीला कडेवर घेऊन उभी होती. काळी, मळकी वायर दाराच्या बिजागरीपाशी असलेल्या रबरी नळीतून सरसर बाहेर आली. चंदूने ती उंच धरून नाथाला दाखवली. दोघंही खूश दिसत होते.

"अहो," सरोज वरून म्हणाली, "तिच्या दुसऱ्या टोकाला नवी बांधली होती ना?"

"का?"

"म्हणजे जुनी ओढली की तिच्यामागून नवी आपोआप आत येते. परकराची नाडी बदलताना करतो तसं."

नाथा खुदकन हसला. चंदू हसला नाही. "अगं, हे गाडीचं वायरिंग आहे. परकर नाहीये."

तेव्हा रविवारचे साडेअकरा वाजले होते आणि चार वाजता त्यांना कल्याणला निघायचं होतं.

कल्याणला सरोजचं माहेर. तिच्या वडिलांना, त्र्यंबकरावांना, दिवाळीनंतर अर्धांगवायूचा झटका आला. डावं अंग गेलं, बोलणं जड झालं. त्या वेळी सरोज एकटी जाऊन भेटून आली होती, पण नात त्यांनी अजून पाहिली नव्हती. चिंगी दिवसांआधी झाली, दोन किलोसुद्धा नव्हती, आणि तेव्हापासून सरोज तिला घेऊन दवाखान्यापलीकडे कुठे गेली नव्हती. गर्दीत न्यायचं नाही, रिक्षाचा धूर लागेल, थंडी संपू दे, सर्दी जाऊ दे. शेवटी डिसेंबरात चंदूने ऑफिसातल्या साहेबांची जुनी फियाट घेतली. आता फेब्रुवारी संपत आला होता, थंडी गेली होती, सर्दीही नव्हती. आणि आजच्याच मुहूर्तावर चंदूला दारात नवे स्पीकर बसवायचे होते.

"पहिल्यांदा गाडी घेऊन सासुरवाडीला चाललोय," तो सकाळी म्हणाला होता. "मुकी गाडी कशी न्यायची? अर्ध्या तासाचं काम आहे. नाथाला सगळं येतं."

नाथा त्याचा मित्र, बाळकुमचा. टेंपो चालवायचा. त्याला सगळं येतं, हे चंदूचं मत होतं. सरोजने बी.एस्सी. फिजिक्स घेऊन केलं होतं, तिला मात्र कोणी काही विचारलं नव्हतं.

एक वाजता ती खाली डोकावली. दाराच्या आतलं रेक्झिनचं पॅड भिंतीला टेकून उभं होतं. दाराच्या पोटात मोठमोठी भोकं दिसत होती. चंदू गाडीत उताणा पडून पाय बाहेर काढून नव्या वायरीचं टोक डॅशबोर्डच्या खालून भोकात सारत होता, नाथा बाहेरून नळीच्या तोंडाला डोळा लावून बसला होता.

"आली का?"

"नाय."

"आता?"

"नाय रे. कुठं जाते काय म्हाईत."

सरोजला माहीत होतं. वायर मऊ, आतला रस्ता वाकडा, टोक पहिल्याच वळणावर दुमडत असणार. ते तिने सांगितलंही. मग चंदूने झाडूचा हीर मागितला. मग सायकलच्या चाकाची तार. मग तिची स्वेटर विणायची सुई, ती वाकवून परत दिली.

दीड वाजता तळमजल्यावरच्या हौसाबाईंनी हाक मारली. कॉलनीच्या या बाजूला त्यांच्याकडेच फोन होता. "सरोज, कल्याणहून आई बोलतायत."

"निघताय ना गं?" आई म्हणाली. "ह्यांनी सकाळीच न्हावी बोलावून दाढी करून घेतली. इस्त्रीचा सदरा घालून खुर्चीत बसलेत. पलंगावर जा म्हटलं तर मान हलवतात. सहाला गोळी घेतली की झोपतात, माहितीये ना तुला. मग सकाळपर्यंत उठत नाहीत."

"चारला निघतोय. साडेपाचला पोचतो."

"बाळाचं टोपडं विसरू नकोस. वारं लागतं."

फोन ठेवल्यावर हौसाबाई खिडकीतून गाडीकडे बघत म्हणाल्या, "दुकानात का नाही गं नेली?"

"विचारू नका," सरोज म्हणाली.

अडीच वाजता काच पडली. फुटली नाही. नाथाने नळीत तार घुसवताना दाराच्या आत कशाला तरी धक्का लागला, काच आपल्या खाचेतून सुटली आणि धपकन दाराच्या पोटात जाऊन बसली. हँडल फिरवलं की नुसतं फिरायचं, काच हलायची नाही.

सरोज खाली आली तेव्हा दोघंही दारात हात घालून उकिडवे बसले होते.

"वैनी, टेन्शन घेऊ नका," नाथा म्हणाला. "काच एक मिन्टात चढवतो. वायर आली का झालाच."

"सकाळपासून एक मिनिटच चाललंय, नाथाभाऊ."

"तू वर जा ना," चंदू म्हणाला. त्याच्या कपाळाला ग्रीस लागलं होतं आणि कोपराला खरचटलं होतं. "तू डोक्यावर उभी राहिलीस की काही होत नाही."

"मी नव्हते तेव्हा काय झालं?"

त्याने पुन्हा दारात हात घातला. ती वर गेली. चिंगीला पाजलं, पिशवी भरली. दुपटी, टोपडं, उकळून गार केलेलं पाणी, तापाचं औषध, थर्मामीटर, जास्तीची दुपटी. दर पाच मिनिटांनी गॅलरीत येऊन बघितलं. चार वाजले. सव्वाचार. साडेचारला वायरीचं टोक एकदाचं नळीतून बाहेर आलं. नाथाने ते आनंदाने ओढलं आणि सगळीच वायर त्याच्या हातात आली. पलीकडे कोणी धरली नव्हती.

सरोज चिंगीला आणि पिशवीला घेऊन खाली उतरली.

"निघूया," ती म्हणाली.

चंदूने मान वर केली. "अशी? दार उघडंनागडं, काच नाही, वायरी लोंबतायत. तुझ्या घरचे काय म्हणतील?"

"काही म्हणणार नाहीत. बाबा वाट बघतायत."

"अगं, एकदा नीट होऊ दे, मग निघू. आज नाही जमलं तर पुढच्या रविवारी. पळून जातायत का ते?"

सरोज ओरडणारच होती. शब्द ओठांवर होते, आणि ते सगळे खरे होते. पण ते वाक्य ऐकून ती थबकली. एकदा नीट होऊ दे, मग निघू. हे तिला पाठ होतं. थंडीत, सर्दीत, जावळाच्या आधी, लशीच्या नंतर, प्रत्येक वेळी आईला फोनवर तिने हेच सांगितलं होतं. चंदूने एकदाही नाही. त्याने तर नाताळातच गाडी काढली होती आणि तिने चिंगीला नव्व्याण्णव पॉइंट चार ताप आहे म्हणून ती परत लावायला लावली होती.

तिला चंदूचा राग आला होता तो तसाच राहिला. त्यात आता स्वतःचाही मिसळला.

"मी मागे बसते," ती म्हणाली. "तुमच्या पाठीमागे. मागच्या काचा वर आहेत."

तरी तिने ते डावं दार तीनदा लावून, तीनदा उघडून पाहिलं. आतून, बाहेरून. घट्ट लागत होतं. नाथाने वायरीचं भेंडोळं डॅशबोर्डखाली कोंबलं, दाराच्या भोकांवर जुनी चादर ताणून चिकटपट्टी लावली आणि "वैनी, पुढच्या रविवारी मी परत येतो" असं म्हणाला. सरोज तोवर आत बसली होती.

काशेळीच्या पुलावर खाडीचं वारं पुढच्या रिकाम्या खिडकीतून आत घुसलं. चादर फडफडायला लागली. सरोजने पदराने चिंगीचे कान झाकले, चिंगीने तो झटकला. भिवंडीत ट्रकांमागे वीस मिनिटं गेली. पावणेसहाला ते अजून कोनगावच्या अलीकडे होते.

"जरा जोरात घ्या," सरोज म्हणाली.

लग्नानंतर गाडीत बसून, कुठल्याही गाडीत बसून, असं ती पहिल्यांदाच म्हणाली होती. चंदूने आरशात तिच्याकडे पाहिलं आणि गिअर बदलला.

घरी पोचले तेव्हा सहा वाजून दहा मिनिटं झाली होती. आई दारातच होती. "गोळी दिली गं आत्ताच. मला वाटलं येत नाही तुम्ही."

त्र्यंबकराव खिडकीजवळ खुर्चीत बसले होते. डोळे मिटत होते, मान एका बाजूला झुकत होती. सरोज त्यांच्यापुढे गुडघ्यांवर बसली. "बाबा. ही बघा कोण आलीये."

त्यांनी डोळे उघडले. ओळखायला वेळ लागला. मग उजवा हात हळूहळू वर उचलला आणि चिंगीसमोर उघडा धरला. मांडीवर दे, असं.

"अगं, धरवणार नाही त्यांना," आई म्हणाली.

सरोजला ते दिसत होतं. डावा हात उशीवर निर्जीव पडला होता, खुर्चीला त्या बाजूला दांडाही नव्हता. तिने चिंगीला त्यांच्या मांडीवर बसवलं आणि दोन्ही हात तिच्या बगलांत घट्ट धरून ठेवले. चिंगीने आजोबांच्या सदऱ्याचं बटण पकडलं. त्यांचा पंजा तिच्या पाठीवर आला, जडपणे, पण टिकला. ते काहीतरी म्हणाले, कोणाला कळलं नाही, त्यांनी पुन्हा सांगायचा प्रयत्नही केला नाही.

जिन्याखालून चंदूचा आवाज आला. तो मेव्हण्याकडे पाना मागत होता, उजेड आहे तोवर ते दार जरा बघतो म्हणत होता.

सरोज उठली नाही. मग तिने बाबांच्या निर्जीव डाव्या अंगाकडचा आपला हात तसाच ठेवला आणि त्यांचा पंजा होता त्या बाजूचा काढून घेतला.