पिपाणीची करंगळी आणि मी

मित्रांनो, मी एक जुनी क्लॅरिनेट आहे. हे "जुनी" प्रकरण अगदी अलीकडचं आहे आणि खरं सांगते, ते मला अजून अंगवळणी पडलेलं नाही. कालपरवापर्यंत मी घरातली एकुलती एक क्लॅरिनेट होते, आणि एकुलत्या एकीला जुनी कोण म्हणणार? पण सध्या मी इतकी खुशीत आहे की त्या शब्दाचंही मला काही वाटेनासं झालंय. ही खुशी कसली, ते सांगायलाच तुम्हाला गोळा केलंय. जरा सरकून बसा, मागच्यांना पण ऐकू येऊ दे.

माझा जन्म कारखान्यातला. दिसते मी काळ्या लाकडाची, पण आहे शुद्ध प्लास्टिकची. माझ्यासारख्या ढीगभर बहिणी एकाच साच्यातून निघाल्या, त्यामुळे लाड कुणाचेच झाले नाहीत. आम्हाला शिकाऊ मुलांसाठीच बनवतात. पडलो, आपटलो, कुणी उन्हात विसरून गेलं तरी आम्ही तग धरतो. माझे तुकडे एकमेकांत बसवायचे, टोकाच्या माउथपीसवर वेताची पातळ पट्टी बांधायची आणि फुंकायचं. त्या पट्टीला रीड म्हणतात. ती थरथरली की मी बोलते. अंगावर भोकं आहेत, आणि बोटं पोहोचत नाहीत तिथल्या भोकांवर चाव्या आहेत. प्रत्येक चावीखाली एक इवलीशी गादी असते. ती भोकावर गच्च बसली तर सूर, नाही तर नुसती हवा. ही गादी लक्षात ठेवा, कारण सगळी गोष्ट तिच्याचपाशी येऊन अडणार आहे.

मी घरात आले तेव्हा माझी मालकीण एवढीशी होती. मला पेलताना तिचा अंगठा भरून यायचा. पहिले काही दिवस माझ्या तोंडून जे आवाज निघाले, ते आठवले की आजही मला संकोच वाटतो. शेजारच्या काकांनी खिडकी लावून घेतली, आणि तिच्या आजोबांनी तिचं नाव ठेवलं पिपाणी. ते नाव घरात असं काही रुळलं की आता खऱ्या नावानं हाक मारली तर ती वळूनही बघत नाही.

हे आजोबा म्हणजे एक वल्ली. आयुष्यभर बस चालवली, आणि हॉर्न सोडून दुसरं काही वाजवलं नाही. पण पिपाणीला क्लासला नेण्याआणण्याचं काम त्यांनी हौसेनं अंगावर घेतलं. सर आत शिकवायचे आणि आजोबा बाहेरच्या बाकावर बसून उघड्या दारातून टक लावून बघायचे. घरी आल्यावर पिपाणी सराव करायला कंटाळली की तेच तिला पुढचा धडा गुणगुणून दाखवायचे. सूर सगळे बरोबर, आवाज मात्र फाटक्या सायलेन्सरचा.

असं सगळं छान चाललं होतं, आणि एक दिवस क्लासच्या जिन्यावर माझी पेटी पिपाणीच्या हातातून निसटली. मी गडगडत थेट खालच्या फरशीवर. आजोबा धावत आले, पेटी उघडली, मला उलटसुलट करून पाहिलं. कुठे तडा नाही, कुठे ओरखडा नाही. "प्लास्टिकची आहे, हिला काय होतंय," असं म्हणून त्यांनी मला पुसलं आणि पेटी बंद केली. मला मात्र काहीतरी झालं होतं. माझी सगळ्यात खालची चावी किंचित वाकली होती आणि तिच्याखालची गादी भोकावर पुरती बसेना.

त्या दिवशी खालच्या सुराला पिपाणीनं फुंकलं तर नुसतं फुस्स झालं. तिला वाटलं, आपलंच चुकतंय. मुलांना असंच वाटतं. मग तिनं करंगळी जिवाच्या आकांतानं दाबली, ओठ आवळले, गाल लाल होईपर्यंत फुंकलं आणि सूर निघाला. तिला कोण आनंद झाला. दुसऱ्या दिवशी तिनं तसंच केलं, मग रोज तसंच. माझी खोट तिच्या करंगळीत कधी मुरली, ते तिलाही कळलं नाही.

तुम्ही म्हणाल, सरांना कसं कळलं नाही? तर सरांचा एक दंडक होता. दुसऱ्याच्या तोंडचं वाद्य आपल्या तोंडाला लावायचं नाही. शिष्याच्या हातातली क्लॅरिनेट घेऊन वाजवून दाखवणं त्यांना मुळीच पसंत नव्हतं. दाखवायचं ते स्वतःच्या वाद्यावर. त्यामुळे इतक्या वर्षांत पिपाणीखेरीज मला कुणी फुंकलंच नाही. सर तिची ताठ करंगळी बघायचे, मुलगी घाबरते म्हणून हात आखडतो असं समजायचे आणि दर वेळी सांगायचे, "हात सैल." ती "हो सर" म्हणायची आणि पुन्हा ताठ. घरी आई होती. ती दवाखान्यात एक्स-रे काढते, माणसांच्या हाडांतल्या बारीकसारीक भेगा शोधते. पण क्लॅरिनेटचा एक्स-रे काढावा असं तिला तरी कसं सुचावं? मी कानीकपाळी ओरडले असते, पण माझं ओरडणंसुद्धा दुसऱ्याच्या फुंकरीवर.

बरं, आता गोष्टीला वेग येतो. सरांनी मुलांचा वाद्यवृंद बसवायला घेतला. मोठं सभागृह, खरा पडदा, सगळा थाट. त्यातल्या एका रचनेची सुरुवात एकट्या क्लॅरिनेटची आहे. सगळे गप्प, आणि त्या शांततेतून एक खालचा सूर अगदी हलकेच उगवतो, इतका हलका की तो सुरू कधी झाला ते कळू नये. ती सुरुवात पिपाणीला हवी होती. इतकी हवी होती की जेवताना चमचा धरूनही तिची बोटं तेच वाजवायची. पण दणकून फुंकल्याशिवाय माझा खालचा सूर निघेना, आणि दणकून फुंकलं की हलकेपणा गेलाच. सरांनी आईला बोलावून सांगितलं की पोरीचा कान तयार झालाय, आता हे शिकाऊ वाद्य तिला पुरं पडत नाही. पुढच्या तालमीला ती चांगलं वाद्य घेऊन आली आणि तो सूर निघाला, तर सुरुवात तिची. नाही तर दुसरी मुलगी तयार आहेच.

आम्ही सगळे दुकानात गेलो. मित्रांनो, काय वर्णावं ते दुकान! काचेच्या कपाटांत पितळी वाद्यं झळाळत होती, भिंतीवर व्हायोलिनं टांगलेली, आणि मागच्या टेबलावर स्क्रू, स्प्रिंगा आणि गाद्यांचा पसारा. दुकान एका काकू चालवायच्या आणि दुरुस्तीही त्याच करायच्या. मला वाटलं, आपल्याला मिरवायला आणलंय. मी पेटीत चमकत बसले. मग आई काकूंना म्हणाली, "जुनी बदल्यात घ्याल ना?" तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. घरी सगळं ठरलं होतं, फक्त मला कुणी सांगितलं नव्हतं.

काकूंनी नवी क्लॅरिनेट काढली. खऱ्या काळ्या लाकडाची, अंगावर रेषा दिसाव्यात इतकं सुंदर लाकूड, चाव्या चंदेरी. पोटात दुखलं का? दुखलं, खोटं कशाला बोलू. पण पिपाणीचा चेहरा असा उजळला होता की माझंही लक्ष तिकडेच लागलं. तिनं नवीला हातात घेतलं, श्वास भरला, करंगळी गच्च दाबली, ओठ आवळले आणि दणकून फुंकलं.

चींऽऽ. अशी काही किंकाळी निघाली की दुकानातलं एक गिऱ्हाईक दचकून मागे सरकलं. पिपाणीनं पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा चीं. काकूंनी दुसरी दिली, तिच्यावरही तेच. पिपाणीचे कान लाल झाले. तिनं ती सुंदर क्लॅरिनेट काळजीपूर्वक खाली ठेवली आणि मला उचलून छातीशी धरलं.

"मला नको ती. मला हीच बरी. सुरुवात नाही मिळाली तरी चालेल."

आधी मी फुशारले. बघा, लाकडाबिकडाचं काही चालत नाही, शेवटी आपलं माणूस आपलंच. पण पुढच्याच क्षणी माझ्या अंगातली सगळी हवा गेली. नव्या क्लॅरिनेटीत काही खोट नव्हती, खोट माझी होती. ती मला सांभाळायला शिकली होती, आणि ते सांभाळणंच आता तिच्या आड येत होतं. ही पोरगी आज हात हलवत परत गेली, तर जन्मभर स्वतःलाच बोल लावणार. सगळ्या दुकानात हे फक्त मला माहीत होतं, आणि मला सांगता येत नव्हतं. इतकी तळमळ मी जिन्यावरून पडतानाही केली नव्हती.

आईनं पर्स मिटली. काकू म्हणाल्या, राहू दे, घाई नाही, पण आलाच आहात तर निदान जुनीचं काय येईल ते बघून ठेवू. त्यांनी मला घेतलं, माझं माउथपीस काढून स्वतःचं बसवलं आणि फुंकलं. वरचे सूर खणखणीत निघाले. मी अगदी जीव ओतून वाजत होते. मग त्या खाली उतरत आल्या आणि सगळ्यात खाली... फुस्स. त्यांनी परत फुंकलं. परत फुस्स.

पिपाणीला एवढ्या दुःखातही हसू फुटलं. "काकू, तसं नाही वाजत ते. करंगळी खूप जोरात दाबायची. आणि ओठ असे आवळायचे. मग येतं."

काकूंनी माझ्याकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं, मग एक कागदाची बारीक पट्टी माझ्या खालच्या चावीत घालून चावी बंद केली आणि पट्टी ओढली. ती सुळकन बाहेर आली.

"अगं, ही गळतेय," त्या म्हणाल्या. "कधीपासून?"

पिपाणीला कळेना. आजोबांना मात्र जिना आठवला आणि ते डोक्याला हात लावून खुर्चीत बसले. काकूंनी नवी क्लॅरिनेट पुन्हा पिपाणीच्या हातात दिली आणि म्हणाल्या, "ही गळत नाही. हिला धरून ठेवावं लागत नाही. करंगळी नुसती ठेव, आणि चहा निववताना फुंकतो तेवढंच फुंक."

पिपाणीनं डोळे मिटले. करंगळी ठेवली, नुसती ठेवली. आणि मित्रांनो, त्या दुकानात एक सूर उगवला. कधी सुरू झाला ते मलाही कळलं नाही. खोल, गोल, मऊ. तो वाढत गेला आणि भिंतीवरची व्हायोलिनं मंद गुणगुणायला लागली. आईनं डोळे पुसले. पिपाणी सूर संपवून नुसती हसत राहिली, आणि मी त्या टेबलावर स्क्रूंच्या पसाऱ्यात पडल्या पडल्या आनंदानं वेडी झाले. हा सूर माझा नव्हता, पण त्या फुंकरीला वळण मीच लावलं होतं की नाही?

नवी ठरली. काकू मला कपाटाकडे नेऊ लागल्या. तेवढ्यात आजोबा खाकरले.

"ही द्यायची नाही. हिची गादी बसवून द्या."

आई म्हणाली, "बाबा, पण आता हिला कोण वाजवणार?"

आजोबा आपल्या चपलांकडे बघत म्हणाले, "मी."

पिपाणी एवढ्या मोठ्यानं हसली की आजोबाही हसले, आणि काकूंनी त्याच टेबलावर माझी चावी सरळ करून नवी गादी बसवली. किती वर्षांनी मी पुरती मिटले! अंग ठणकायचं थांबल्यावर कळतं ना, इतके दिवस ठणकत होतं, तसं झालं मला.

सुरुवात पिपाणीला मिळाली. कार्यक्रमाला मी आजोबांच्या मांडीवर पेटीत होते. नवी क्लॅरिनेट लाकडाची, तिचे नखरे फार. सुरुवातीला रोज थोडंच वाजवायचं, उन्हात ठेवायचं नाही, वाजवून झालं की आतला ओलावा पुसायचा. पिपाणी सगळं मन लावून करते. आणि हल्ली तिला पुसून झालं की मलाही पुसते.

मित्रांनो, तुमच्याही घरात एखादं वाद्य असेल, सायकल असेल, शिवणाचं मशीन असेल, जे एकाच माणसाच्या हाताला लागलेलं आहे. ते निमूट चालतंय म्हणून त्याचं सगळं ठीक आहे असं धरून चालू नका. मधूनमधून ते दुसऱ्या कुणाच्या हातात देऊन बघा. आणि ते नीट चाललं नाही, तर आधी स्वतःला दोष देत बसू नका. आधी त्याची गादी बघा.

आता मला जायला हवं, आमची सरावाची वेळ झाली. आजोबा खुर्चीत ताठ बसलेत आणि पिपाणी समोर हाताची घडी घालून उभी आहे. माझी गादी आता मुळीच गळत नाही, तरी आजोबा खालच्या सुराला करंगळी जिवाच्या आकांतानं दाबतात आणि ओठ आवळतात. दारातून बघून बघून तेच शिकलेत ना. आणि पिपाणी दर वेळी, अगदी सरांच्या आवाजात, त्यांना सांगते,

"आजोबा, हात सैल."