चौघे उत्तरेला गेले

मित्रांनो, मी एक जुनं बॉम्बफेकी विमान आहे. लिबियाच्या वाळूत पोटावर पडून मला ऐंशी वर्षं झाली, तरी माझा राग निवलेला नाही.

इंग्लंडच्या एका कारखान्यात बायकांनी माझ्या सांगाड्यावर कापड ताणून बसवलं. पुढे इजिप्तच्या तळावर पाच जण माझ्यावर नेमले गेले. एकवीस मोहिमा धड पार पडल्या. कौतुक झालं. माझ्या पोटातून खाली काय पडायचं, त्याचा अभिमान मात्र मी सांगणार नाही.

बाविसाव्या खेपेला परतताना वादळात वाट चुकली, इंधन संपलं. वैमानिक हार्करने मला पहाटे वाळूवर उतरवलं. चौघे धडधाकट राहिले. शेपटीकडच्या बंदुकीवर बसणाऱ्या टबचा पाय मोडला.

नकाशा सांभाळणारा प्रिचर्ड म्हणाला, "समुद्र उत्तरेला, फार तर तीस मैल. चालत गाठू."

"अरे, वरून हे धूड दिसेल. चार टोप्या कुणाला दिसणार?" टब म्हणाला. "इथंच थांबा."

"तुझा पाय मोडलाय, म्हणून हे सुचतंय तुला."

"पाय मोडलाय. डोकं नाही मोडलेलं."

हार्करने प्रिचर्डचं ऐकलं. मग त्याने पाण्याचे दोन डबे टबजवळ ठेवले. "गाडी घेऊन येतो, विल्फ," टबला त्याच्या खऱ्या नावाने हाक मारून तो म्हणाला आणि तिघांसह निघाला.

समुद्र दोनशे मैलांवर होता. पाठीवरच्या वाऱ्याने आम्हाला किती दूर ढकललं, ते मला कळलं होतं. पण सांगू कसं? मला तोंड कुठे होतं?

टब माझ्या पंखाच्या सावलीत घोटघोट पाणी पीत पडून राहिला. मधूनच मला शिव्याही देई. चौथ्या दिवशी शोधाला आलेल्या विमानाला मी दिसलो. ते शेजारी उतरलं. त्यातले लोक टबला उचलू लागले, तर तो म्हणाला, "आधी त्यांना बघा. मला इथली सवय झालीय."

नऊ दिवस शोधलं. कुणी सापडलं नाही.

बऱ्याच वर्षांनी मिफ्ताह नावाचा उंटवाला धाकट्या भावासह माझ्या सावलीला टेकला. उत्तरेला त्याला चार सांगाडे दिसले होते, एकमेकांना लागून. "एकाच्या मनगटावर घड्याळ होतं. मी हात लावला नाही," तो म्हणाला.

"बरं केलंस, दादा. पण एवढी सावली सोडून ते उन्हात गेलेच कशाला?"

मिफ्ताहने उंटाची दोरी हातात घेतली आणि तो उठला.

मित्रांनो, वाट चुकलात तर आपलं वाहन सोडू नका. आणि माणसाचा पाय मोडला म्हणून त्याचा शब्द लंगडा समजू नका.