रिकामी होडी वॉर्डात न्यायची नाही

मी एक जुनी होडी आहे. मित्रांनो, हसू नका, पण मी जन्मात नदी पाहिलेली नाही. फरशी पुसणाऱ्या मावशींच्या बादलीत मावते तेवढेच पाणी माझ्या ओळखीचे. मला चार चाके आहेत आणि त्यांतले पुढचे डावे चाक कुरकुरते. सध्या मी एका तळघरात, मोडक्या खाटा आणि बंद पडलेले पंखे यांच्या सोबतीला पडून आहे. माझ्या नाकाशी दोन डोळे रंगवलेले होते. एकाचा पोपडा निघून गेला. उरलेल्या डोळ्यासमोर जे अजून उभे राहते, ते तुम्हाला सांगते.

होडी होण्याआधी मी मुलांच्या रुग्णालयातले एक साधे स्ट्रेचर होते. लोखंडी, पांढरे, थंडगार. माझ्या चाकाची कुरकुर दारापाशी आली, की बारा खाटांवरची बारा तोंडे पांघरुणात जायची. आपला नुसता आवाज ऐकून लेकरांनी लपावे, यासारखे दुःख नाही. एकदा चार वर्षांच्या एका पोराने मला पाहून खाटेखाली उडी मारली आणि खाटेचा पाय असा धरला, की त्याची बोटे सोडवायला तीन माणसे लागली. त्या दिवशी मोठ्या सिस्टर जेवल्या नाहीत. वॉर्ड त्यांच्या ताब्यात होता. त्यांनी दुरुस्ती विभागातल्या सुतारकाकांना बोलावून घेतले.

"काका, याचं काहीतरी करा."

"कुरकुरतंय ना? तेल सोडतो."

"तेल नको. याला बघून पोरं हसली पाहिजेत, असं काहीतरी करा."

सुतारकाकांनी डोके खाजवले. "बाई, चाळीस वर्षं दारं-खिडक्या केल्या. दाराला बघून कुणी हसलेलं मला आठवत नाही."

पण त्यांनी मनावर घेतले. औषधांच्या जुन्या कपाटाच्या फळ्या काढून त्यांनी माझ्या दोन्ही अंगांना बाक दिला. मुलाला उचलून घेताना फळी खाली पाडता यावी म्हणून बिजागऱ्या बसवल्या. खाटेच्या मोडक्या पायातून एक बुटके वल्हे तासले आणि काचकागदाने इतके घासले, की आईचा हात फिरल्यासारखे लागावे. मग पाट्या रंगवणारा पेंटर आला. त्याने आयुष्यभर 'शांतता राखा' आणि 'येथे थुंकू नये' एवढेच लिहिले होते. त्याने वॉर्डाच्या भिंतींवर समुद्र काढला. त्याच्या सगळ्या माशांना भुवया होत्या. भुवया नसतील तर मासा रागावलाय की लाडात आलाय, हे पोरांना कळणार कसे, असे त्याचे म्हणणे. मला त्याने दोन मोठे डोळे काढले. एका मुलीने खाटेवरून हट्ट धरला, की होडीला तोंडही काढा.

"होडीला तोंड कशाला गं?" पेंटर म्हणाला. "मग ती दिवसभर बडबड करेल!"

सगळा वॉर्ड हसला. मीही हसले. तेव्हा मला काय ठाऊक!

मला ढकलणाऱ्या माणसाला मुले नावाडीमामा म्हणू लागली. त्याआधी वीस वर्षे तो 'बाजूला व्हा' याखेरीज काही बोलत नसे. आता तो मुलाला माझ्यात बसवायचा. आडवे नाही, बसते. हातात वल्हे द्यायचा आणि म्हणायचा, "चला कप्तान, मारा वल्हं. मी म्हातारा, माझ्याच्यानं एकट्यानं होत नाही." लांबलचक कॉरिडॉर, मग लिफ्ट, मग ऑपरेशनच्या दाराआधीची लाल रेघ. त्या रेघेपुढे आईबापांना जाता येत नसे. तिथे मुलाने वल्हे आईच्या हातात द्यायचे आणि म्हणायचे, "सांभाळून ठेव, परत येताना लागेल." मूल आत जायचे. आई रेघेशी वल्हे धरून बसायची. आयांना धरायला काहीतरी लागतेच. त्यांच्या तळव्यांनी ते लाकूड काळेभोर आणि गुळगुळीत झाले होते.

मूल परत आले, की वल्हे पुन्हा त्याच्याजवळ. मग माझी कुरकुर वॉर्डाच्या दाराशी ऐकू आली, की तीच बारा तोंडे पांघरुणातून बाहेर यायची. "आला! आला!" असा गिल्ला व्हायचा. मित्रांनो, आवाज तोच, चाक तेच. फक्त आता तो आवाज कुणीतरी परत आल्याचा होता. माझे कौतुक फार झाले. मोठमोठी माणसे येऊन माझ्याबरोबर फोटो काढून घेत.

पण माझ्या कौतुकामागे एक गोष्ट होती, ती फोटोत कधी आली नाही. पुष्कळ मुलांना ऑपरेशननंतर एकदोन दिवस लक्ष ठेवण्यासाठी वरच्या काचेच्या खोलीत ठेवत. तेवढा वेळ मी रिकामी. नियमाप्रमाणे मला ताबडतोब वॉर्डात आणायला हवे होते. नावाडीमामा मला कधीच रिकामी आणत नसे. ऑपरेशनच्या दाराशेजारी चादरींची खोली होती, तिथे तो मला मांडण्यांमागे दडवायचा आणि ते मूल खाली आणायची वेळ झाली, की बाहेर काढायचा. मोठ्या सिस्टर करवादायच्या, "स्ट्रेचर अडवून ठेवता मामा तुम्ही!" तो म्हणायचा, "चाक दुरुस्त करत होतो."

आणि काही मुले परत येतच नसत. तेव्हा तो मला आठ दिवस त्या खोलीत ठेवायचा आणि वॉर्डात सांगायचा, होडी रंगवायला दिलीय. मग खरेच रंगाचा डबा आणून माझ्या अंगावर एक हात फिरवायचा. माझ्यावर रंगाचे थर किती आहेत, ते कृपा करून मोजू नका.

आता वकीलबाईची गोष्ट सांगते. ती सात वर्षांची होती. तिच्या हृदयात जन्मापासून दोष होता. चार पावले चालली, की ओठ निळे पडत. पण जीभ कात्रीसारखी. औषध गोड आहे म्हटले, की ती म्हणे, "गोड असतं तर तुम्हीच प्यायला असतात." म्हणून सगळे तिला वकीलबाई म्हणत. तिच्या शेजारच्या खाटेवर एक मुलगा होता. पुढचे दोन दात पडल्यामुळे बोलताना त्याची शिट्टी वाजे, म्हणून तो शिट्टी. दोघांचे दिवसभर भांडण आणि दिवसभर गूळपीठ. हृदयाचे मोठे डॉक्टर दुसऱ्या गावाहून महिन्यातून दोनच दिवस येत. पहिल्या दिवशी शिट्टीचे ऑपरेशन ठरले, दुसऱ्या दिवशी वकीलबाईचे.

नेमके तेव्हाच नावाडीमामाच्या मोतीबिंदूचे ऑपरेशन निघाले. चार दिवसांची रजा. त्याच्या जागी धुलाईखात्यातले एक काका आले. माणूस कामसू आणि नेटका. मामाने त्यांना सगळे समजावले. पुढचे डावे चाक ओढ घेते. फळीच्या कडीत बोट चेमटते. रेघेशी वल्हे आईला द्यायचे. सगळे सांगितले, फक्त एक गोष्ट सोडून. रिकामी होडी वॉर्डात न्यायची नाही, हे त्याने कधी कुणालाच सांगितले नव्हते. त्याच्या लेखी तो नियम नव्हताच, मनातली एक जागा होती. अशा जागेविषयी माणूस बोलत नाही.

सकाळी शिट्टी माझ्यात बसला. "आत काय आहे ते तुला येऊन सांगतो," तो वकीलबाईला म्हणाला.

"खरं सांग हं. मोठ्यांसारखं नको."

लाल रेघेशी त्याने वल्हे आईला दिले. त्याचे ऑपरेशन उत्तम झाले. मित्रांनो, हे नीट लक्षात ठेवा, की ते उत्तम झाले. त्याला वर काचेच्या खोलीत नेले आणि त्याची आई वल्हे घेऊन वरच्या मजल्यावर त्या खोलीबाहेर जाऊन बसली. धुलाईकाकांनी मला स्वच्छ पुसले, नवी चादर घडी करून ठेवली आणि दुपारी नियमाप्रमाणे वॉर्डाकडे ढकलले. माझे चाक कुरकुरले.

"आला! शिट्टी आला!"

सगळी मुले उठून बसली. दारातून मी आत गेले. माझ्यात एक घडी केलेली चादर होती.

धुलाईकाकांनी मला वकीलबाईच्या खाटेच्या पायथ्याशी लावले. उद्या तिची पाळी, सकाळी धावपळ नको, एवढाच त्यांचा विचार. ती माझ्याकडे बघत राहिली. संध्याकाळपर्यंत ती एक अक्षर बोलली नाही. तिच्या गप्प बसण्याने मोठ्या सिस्टरना बरेच वाटले. त्यांना वाटले, पोर शहाण्यासारखी वागतेय.

सकाळी तिला न्यायला आले, तेव्हा तिने खाटेची कड धरली.

"मी नाही जाणार. शिट्टी मेलाय."

"अगं वेडाबाई, काहीतरीच काय!" मोठ्या सिस्टर म्हणाल्या. "तो वर झोपलाय."

"मग दाखवा."

"तिथे लहान मुलांना नेत नाहीत बाळा."

"मग होडी रिकामी का आली? आणि वल्हं कुठेय?"

तिच्या आईने तिला जवळ घेतले, समजूत काढली, शपथा घातल्या. मोठ्या सिस्टरनी धुलाईकाकांना पिटाळले, की जा, शिट्टीच्या आईला वल्ह्यासकट घेऊन या. ते धावत गेले. पण तिला त्यांनी काल जिथे पाहिले होते तिथेच गेले, लाल रेघेशी. ती वरच्या मजल्यावर गेली आहे, हे त्यांना कुणी सांगितले नव्हते. धापा टाकत परत येऊन ते दारातूनच म्हणाले, "तिथं कुणी नाही."

"बघा," वकीलबाई म्हणाली.

मग ती रडली. रडता रडता तिचे ओठ निळे झाले, मग नखे. त्या दिवसभराच्या धावपळीत शिट्टीच्या आईला वरून बोलवायचे राहूनच गेले. मोठे डॉक्टर स्वतः खाली आले. त्यांनी तिची नाडी धरली आणि मान हलवली. "या श्वासावर भूल देता येणार नाही. शांत होऊ दे, दुपारी बघू." दुपारी पुन्हा तेच. मला पाहिले, की तिचा श्वास चढे. मी तिच्यापासून दोन हातांवर उभी होते. खरे काय ते मला ठाऊक होते. शिट्टीला आत जाताना मीच पोहोचवले होते आणि ऑपरेशन छान झाल्याचे दारातले बोलणे मीच ऐकले होते. पेंटरने मला डोळे दिले होते आणि तेवढेच दिले होते.

चार वाजता मोठे डॉक्टर आपल्या गावी निघून गेले. पाच वाजता शिट्टीची आई हसत वॉर्डात आली. "हे घ्या तुमचं वल्हं! पोरगा जागा झाला. पहिला प्रश्न काय, तर वकीलबाईला माझ्याआधी घरी सोडलं का म्हणून!"

वॉर्डात कुणीच हसले नाही. वकीलबाईने हात पुढे केला. वल्हे घेतले, उलटसुलट करून पाहिले.

"चला," ती म्हणाली. "आता जाते मी."

"आता पुढच्या महिन्यात हं, राजा," मोठ्या सिस्टर म्हणाल्या आणि पाठ फिरवून औषधांच्या कपाटात काहीतरी शोधू लागल्या. त्या बराच वेळ शोधत होत्या.

तो महिना मी पाहिला. ती वल्हे उशाशी घेऊन झोपायची. शिट्टी बरा होऊन घरी जाताना तिला सांगून गेला, की आत काही नसते, एक हिरव्या टोपीतला माणूस दहापर्यंत मोजायला लावतो आणि आपण सातलाच झोपतो. ती म्हणाली, मी दहापर्यंत जाऊन दाखवेन. ती खाटेवर बसून वल्हवण्याचा सराव करायची. आधी दहा वेळा, मग सहा, मग दोन. महिना संपायच्या आत वल्हे तिला उचलेना.

नावाडीमामा परत आल्यावर त्याला सगळे कळले. नव्या डोळ्याने तो माझ्याकडे बघत उभा राहिला. धुलाईकाका म्हणाले, "मामा, मी तर नियमाप्रमाणेच..." मामा म्हणाला, "तुमचं काही चुकलं नाही. माझं तोंड बंद राहिलं."

पुढच्या महिन्यात ती माझ्यात बसली नाही. तिला आडवे ठेवावे लागले. लाल रेघेशी वल्हे मामानेच तिच्या आईला दिले. "सांभाळून ठेव..." एवढे ती पुटपुटली. पुढचे शब्द आले नाहीत.

दुपारी दार उघडले. मोठे डॉक्टर तिच्या आईपाशी खाली जमिनीवर बसले. त्यांनी सांगितले, की महिनाभरापूर्वी... आणि तिथेच थांबले. आई उठली. तिने मामापुढे वल्हे धरले.

"हे आता कुणाकडे देऊ?"

ती वल्हे घेऊनच गेली. लांबलचक कॉरिडॉरमधून जाताना त्याचे टोक फरशीवर घासत होते. या वेळी मामाने रंगाचा डबा आणला नाही.

मग तो निवृत्त झाला. मोठ्या सिस्टरही गेल्या. समुद्र जुनाट दिसतो म्हणून भिंतींवर काळे आकाश आणि तारे आले. भुवयावाले मासे एका दुपारीत पुसले गेले. आता वर एक चकचकीत रॉकेट आहे, त्यालाही चाके आहेत. मला तळघरात टाकले. त्याबद्दल माझी तक्रार नाही.

मित्रांनो, आजारी मुलांच्या खोल्या जरूर रंगवा. मासे काढा, तारे काढा. पण रंग देऊन काम संपले असे समजू नका. मूल चित्राला भुलत नाही, ते वाट बघते. ज्यांनी ही खेळणी वर्षानुवर्षे चालवली, त्यांना थांबवून विचारा, की तुम्ही न सांगता काय काय करता? त्यांना सांगायला जमले नाही तर त्यांच्यापाशी बसा, पण ते लिहून ठेवा.

रॉकेटच्या चाकांचा आवाज मला छतातून ऐकू येतो. भरलेल्या चाकांचा आवाज वेगळा असतो, रिकाम्यांचा वेगळा. तो फरक मी जन्मभर शिकले आहे. परवा दुपारी ते वॉर्डाकडे परत गेले, आणि ते रिकामे होते.

मी जिवाच्या आकांताने ओरडले असते. पण होडीला तोंड कशाला, म्हणून सगळे हसले होते. मीही हसले होते.